मॅचिंगचं अस्तर

‘फक्त लेडीज’ अशी ठसठशीत पाटी असताना तो सरळ दुकानात घुसला. पनवेलच्या भर बाजारात, ऐन लग्नसराईत, माझ्यासमोर ब्लाउजांचा हा ढीग!

“पाटी वाचता येत नाही?” मी खेकसले.

“येते की. जपानी पाटीसुद्धा येते,” तो हसला. “पण तीन टेलरांनी हाकललंय. तुम्ही तरी बघा ना...”

सत्यजीत, करंजाड्याचा. नोकरीसाठी ओसाकाला निघालेला. त्याच्या जपानीच्या सरांकडे एक जुना हाओरी होता, म्हणजे किमोनोवर घालायचं जाकीट. त्याला तसंच नवं हवं होतं. नमुन्याला आणलेलं ते जुनं मी टेबलावर पसरलं आणि ब्लाउज विसरले. कुठे गोलाई नाही, बाहीचा मुंढा नाही. सगळे सरळ पट्टे, चौकोनी बाह्या, पुढे बटणांऐवजी नुसती गोंड्याची दोरी. वरून राखाडी, त्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके. आणि आत... अस्तरावर उडणारे बगळे!

“अगं बाई! एवढं सुंदर, आणि आत?”

“पूर्वी तिकडे भपक्याला बंदी होती. मग शौकीन लोक नक्षी आत लपवायचे. घालणाऱ्याला आणि शिवणाऱ्यालाच ठाऊक.”

मग मापाच्या निमित्ताने तो रोज यायला लागला.

“हात वाढला का तुमचा?”

“तुम्ही टेप धरलीत की वाढतो.”

चावट कुठला! मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी आम्ही मोरा बंदरावर गेलो. होड्यांकडे बघत तो म्हणाला, “अस्तर तुमच्या मनाचं लावा, अनुया. माझ्या मनात आहे तेच तुमच्याही असेल... तर आत काहीतरी काढा. नसेल तर साधं लावा. मी समजून घेईन.”

मी डाळिंबी रेशमावर खडूने होड्या काढल्या. दोन तर टाक्यांनी भरल्याही. मग घाबरले. हा जाणार, तिकडे विसरणार, आणि मी इथे बसणार झुरत! सरळ राखाडी सॅटिन कापलं.

त्याने जाकीट अंगात घातलं. पुढची बाजू उलटून आत पाहिलं. बराच वेळ.

“मॅचिंग आहे,” मी म्हणाले.

“विमान परवा आहे,” तो हळूच म्हणाला. “बदलायचं असेल... तर ठेवून जातो.”

नुसतं ‘ठेवा’ म्हणायचं होतं हो! पण माझं मेलं तोंड—

“माझी शिवण उसवावी लागत नाही.”

त्याने मान हलवली, जाकिटाची नीट घडी घातली आणि गेला.

तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्याचं लग्न झालं, तिकडच्याच मुलीशी. फोटोत तेच जाकीट घातलंय. खांद्याला एक चुणी नाही. एक टाका कच्चा घातला असता, तर निदान भांडायला तरी आला असता.