मुरूचे डोळे राखी झाले नाहीत

खरं सांगायचं तर काम अगदीच फालतू होतं. शाळेच्या ओळखपत्रासाठी मुरूचा फोटो काढायचा, बस्स. सिओम्पू बेटावरून सकाळच्या होडीनं इन्दा भाच्याला घेऊन बाउबाऊ शहरात आली. मुरूची आई केंदारीला, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी गेलेली. जाताना एवढंच म्हणाली होती, "पोराला सांभाळ गं."

एरवी मुरू म्हणजे नुसता रेडिओ! आज होडीत चकार शब्द नाही. इन्दाला वाटलं, आईची आठवण येत असेल.

"आलं का निळं माकड!" फोटो स्टुडिओवाले बासोकाका मुरूच्या निळ्या डोळ्यांकडे बघून हसले. "दरवर्षी हा माझं डोकं खातो."

"का हो काका?"

"अगं, या डोळ्यांत निळा रंग नसतोच मुळी. समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं तर निळं राहतं का? तसंच. सगळा उजेडाचा खेळ! खिडकीत निळे, पिवळ्या दिव्याखाली राखी. अंधारात बाहुली मोठी झाली की काळेच वाटतात. सरडा आहे सरडा! बस रे इथं."

खिडकीतल्या उन्हात मुरूचे डोळे निळेशार दिसले. काकांनी पडदा ओढला, पिवळा दिवा लावला.

निळेशार.

"अरेच्चा..." काकांनी दिवा जवळ आणला, मग लांब नेला. रंग तसूभरही हलला नाही. मुरूची पापणीसुद्धा लवली नाही. खोलीत कुठूनतरी ओल्या शेवाळाचा वास यायला लागला.

काकांनी दिवा मालवला.

मिट्ट काळोखात दोन निळे ठिपके तसेच.

"इन्दा..." काकांचा आवाज पार खाली गेला. "काल हा किनाऱ्यावर होता? तू... उंबऱ्यावर दिवा धरला होतास ना?"

निळ्या डोळ्यांचं पोर सूर्यास्ताला, मगरिबची अजान झाल्यावर, समुद्रावरून आलं, की उंबऱ्यावर त्याच्या तोंडासमोर दिवा धरायचा. डोळे राखी झाले, की मगच आत बोलवायचं. सिओम्पूत हे शेंबडं पोरही जाणतं. पण इन्दा मकास्सरला कॉलेज करून आलेली, तिला या सगळ्याचं हसू यायचं. त्यात काल लाइट गेलेली, कंदील शोधायचा कंटाळा. दारात पोर उभं दिसलं. ती चुलीपाशी बसूनच ओरडली होती, "ये रे आत जेवायला, कसोआमी गार होतोय!"

आणि ते आत आलं होतं.

"काका, आता... परत बाहेर नाही का काढता येत?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "तू बोलावलंस ना गं पोरी."

तिनं शेजारच्या बुंगाकाकूंना फोन लावला.

"काकू, आमच्या दारात कुणी आहे का हो? बघा ना!"

"बरं झालं बाई तूच फोन केलास!" काकू वैतागल्या होत्या. "काल संध्याकाळपासून तुमच्या दारात मुरूची हाक येतेय, 'मावशी, दार उघड.' दहा वेळा जाऊन बघितलं. पोरगं दिसत नाही, नुसता आवाज. रडून रडून घसा बसलाय बिचाऱ्याचा. तुला कसं गं ऐकू आलं नाही?"

खरंच, तिला रात्रभर काहीच ऐकू आलं नव्हतं. ती ढाराढूर झोपली होती आणि ते तिच्या कुशीत होतं.

"काकू, त्याला सांगा मी येतेय! पुढच्या होडीनं निघतेच. त्याला म्हणावं हलू नकोस, तिथंच थांब..."

"थांब, थांब जरा." काकू बहुधा फोन घेऊनच दाराकडे निघाल्या. वाऱ्याचा आवाज आला, मग त्यांची कुजबुज. "इन्दा... घराला कुलूप घालून गेलीस ना तू?"

"हो. किल्ली माझ्याकडेच आहे."

"मग आतून त्याच्याशी कोण बोलतंय? अगदी लाडानं... म्हणतंय, रडू नको राजा, आले हं, उघडते."

"कोण आहे काकू? कुणाचा आवाज आहे?"

फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला.

"तुझा गं..."