कात्रीच्या अकरा पावत्या

वाचनालयाच्या पायरीवर बिस्किटांचा डबा हातातून निसटला आणि वर्षभराच्या पावत्या समुद्रवाऱ्यावर उधळल्या. मॉर्वेना ट्रेगियर त्यांच्यामागे धावली. शेवटची पावती एका उंच माणसाने अलगद झेलली.

"अक्षर तर माझंच दिसतंय," तो म्हणाला.

जेगो! बाजारात कात्र्यांना धार लावणारा जेगो! मॉर्वेनाचे कान तापले.

"तुम्ही... इथे?"

"आज एकतीस जुलै, सरकारी मदतीचा हिशेब द्यायचा शेवटचा दिवस. पोटापुरता धंदा करणारं अख्खं पेन्झान्स गाव इथेच असणार."

मॉर्वेना गाडीतून घरोघरी जाऊन केस कापायची. कमाई तुटपुंजी, त्यामुळे सरकार दरमहा थोडी मदत द्यायचं. यंदा तिने फॉर्मवर नफ्याऐवजी वर्षाची सगळी आवक लिहिली होती. पेट्रोल, शांपू, काहीच वजा केलं नव्हतं. "मदत बंद," असं पत्र आलं. आज चूक दुरुस्त झाली नाही तर गाडी विकायची वेळ येणार होती.

वाचनालयात अशा हिशेबांचा फुकट सल्ला देणाऱ्या मिसेस नॅन्स टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून एकेक पावती लावली. मग हात थांबला.

"पोरी, एकाच कात्रीला वर्षात अकरा वेळा धार? केस कापतेस की तारा?"

मागे रांगेत जेगो उभा होता. मॉर्वेनाला वाटलं, टेबलाखाली शिरावं.

"खर्च धंद्यासाठीच झालेला असला पाहिजे," मिसेस नॅन्स म्हणाल्या. "खरं सांग, कामासाठी किती?"

अकरा म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण तिने मान वर केली.

"दोन."

"आणि नऊ?"

"नऊ वेळा... मी नुसतीच गेले होते. बोलायला."

"कोणाशी?" मिसेस नॅन्सनी अगदी भोळेपणाने विचारलं.

"मिसेस नॅन्स!"

मागून खोकल्याचा आवाज आला. जेगो पुढे झाला. हातातली टोपी पिळून पिळून त्याने तिचं पार फडकं केलं होतं.

"मलाही एक सांगायचंय. त्या नऊ वेळा कात्रीला धार होतीच. मी नुसती पुसायचो... सावकाश. यांनी लवकर जाऊ नये म्हणून."

"आणि पैसे घ्यायचास?" मॉर्वेना उसळली.

"नाही घेतले, तर तू परत यायची नाहीस, अशी भीती वाटायची." 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "चौपन्न पौंड बरणीत वेगळे ठेवलेत. परत करायचे आहेत, म्हणून उत्पन्नात धरले नाहीत. चाललं ना, मिसेस नॅन्स?"

"परत केलेस तर चालेल," त्या म्हणाल्या आणि नऊ पावत्या बाजूला सारल्या. बाकीच्यांची बेरीज पुन्हा मांडली. खरा नफा निघाला, आणि तो मर्यादेच्या आतच होता! त्यांनी मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाला फोन लावला. चाळीस मिनिटं फोनवर ताटकळत तेच ते वाद्यसंगीत... मॉर्वेनाने टेबलाची कड घट्ट धरली होती. जेगोने आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. मध्ये बोटभर अंतर होतं. मग तेही उरलं नाही.

कार्यालय पाचला बंद व्हायचं; दहा मिनिटं उरली असताना पलीकडून आवाज आला. मिसेस नॅन्सनी आकडे वाचले, थांबल्या, ऐकलं आणि रिसीव्हर ठेवला.

"झालं! मदत सुरू राहील."

मॉर्वेनाने इतक्या जोरात आरोळी ठोकली की वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे दचकले आणि मग टाळ्याच वाजवू लागले.

"गाडी राहिली!" ती जेगोच्या गळ्यातच पडली.

"चौपन्न पौंडांत मासे आणि बटाट्याच्या फोडी किती वेळा येतील?" तो तिच्या केसांत पुटपुटला.

"पैसे माझे आहेत, विसरू नकोस. मी तुला खाऊ घालणार."

दोघं दारापाशी पोचली तेव्हा मिसेस नॅन्सनी हाक मारली.

"आणि हे बघा, एका घरात राहायला लागलात तर महिन्याभरात कार्यालयाला कळवायचं! मग अर्ज दोघांचा मिळून करावा लागतो."

जेगो लालेलाल झाला. मॉर्वेनाने रिकामा डबा काखेत मारला, त्याचा हात धरला आणि मागे वळून म्हणाली,

"कळवू. या वेळी एकही चूक न करता."