चोविसावी नळी

बर्फाच्या डब्यात चोवीस नळ्या होत्या. तेवीस नळ्यांत माणसांची लाळ आणि चोविसावीत मी भरलेलं मिठाचं पाणी.

चोविसावी काकांची. कंपवाताने हात थरथरतो, गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. अर्ध्या तासात जेमतेम दोन मिलिलिटर लाळ जमली. "एवढं तर मी शेजाऱ्याच्या नावानेही थुंकलो नव्हतो," ते म्हणाले. प्रयोगशाळेत माझ्या कोपराने ती नळी कलंडली. पुन्हा मागायची लाज वाटली. मी ०.९ टक्के मिठाचं पाणी भरलं, डोपामाइनचा, म्हणजे काकांच्या गोळ्यांनी शरीरात वाढणाऱ्या रसायनाचा, एक थेंब टाकला आणि झाकणावर काकांचा क्रमांक लिहिला. या आकड्यांवरून डॉक्टर त्यांच्या गोळ्यांची मात्रा ठरवणार होते.

आमचा सेन्सर म्हणजे बोटभर लांबीची कार्बनची पट्टी. द्रावणात डोपामाइन जितकं जास्त, तितका तिच्यातला विद्युतप्रवाह जास्त. नुसत्या पाण्यातलं डोपामाइन हवेने नासतं, त्यामुळे आकडा उतरत जायला हवा. चोविसाव्या नळीत सकाळी अकराला तो १२ नॅनोअँपिअर होता. दुपारी दोनला ३०. साडेचारला पुन्हा १२. सहाला ३१.

पट्टी बदलली. फरक पडला नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला; मी दर वेळी काकांची ताजी लाळ मोजली असं त्यांना वाटलं. "तुझ्या काकांचा ना? गोळी कधी घेतली ते स्वच्छ दिसतंय. छान काम केलंस."

मला मान वर करवेना.

मी काकूला फोन लावला. "काका गोळ्या कधी घेतात?"

"एकला एक, पाचला एक. का गं?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अहवाल जाणार होता. मी सकाळीच काकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"बरं," काका म्हणाले.

"काका, रागवा तरी. काहीतरी बोला."

"नळी आण."

त्यांनी नळी हातात धरली. हात थरथरत नव्हता.

"कालपासून असेच आहेत," काकू दारातून हळूच म्हणाली. "हात थांबला म्हणून आधी बरं वाटलं मला. पण दिवसभरात एकदाही माझी थट्टा केली नाही गं."

नळी दोन मिनिटांत भरली.

लाळेला फेस नव्हता. नळीच्या पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती.

प्रयोगशाळेत येऊन मी ती तीन नव्या पट्ट्यांवर मोजली. युरिक आम्ल प्रत्येकाच्या लाळेत असतं, म्हणून तेही मोजलं. मग मीठ.

डोपामाइन शून्य. युरिक आम्ल शून्य. मीठ ०.९ टक्के.