कोम्बोने नळी का काढली नाही

टांगा शहरातल्या रुग्णालयात मूत्रविकारवाल्यांसाठी संडास एकच, आणि त्याच्या कडीवर दोन हात एकदमच पडले. एक म्वानाहावाचा, दुसरा एका उंच, घामाघूम झालेल्या माणसाचा.

"मी आधी!" ती म्हणाली.

"बाईसाहेब, माझ्या पोटात नळी आहे हो..."

"मग माझ्या पोटात काय ऊस आहे? मलाही नळीच आहे. डावीकडे!"

"माझी उजवीकडे." तो हसला, आणि कळवळून कंबर धरत बाजूला झाला. "जा तुम्ही... पण लवकर हं!"

मुतखडा दोघांनाही झालेला. डॉक्टरांनी किडनीपासून मूत्राशयापर्यंत मऊ नळी घातली होती, आणि तेव्हापासून घडीघडीला लघवी, कुशीत कळा. म्वानाहावा लग्नांत गायची; आता ऐन रंगात आलेलं गाणं सोडून तिला पळावं लागे. तो उंच माणूस, कोम्बो, दालादाला म्हणजे उतारूंची छोटी बस चालवायचा.

"दर पंपावर गाडी थांबवतो," तो म्हणाला. "उतारू विचारतात, ही गाडी पेट्रोल पिते की सोडते?"

ती इतकी हसली, की पुन्हा धावत जावं लागलं.

मग समुद्रकाठी शहाळी सुरू झाली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, भरपूर पाणी प्या म्हणून! बाकीची जोडपी चंद्र दिसेल तिथे बसत. ही दोघं आधी संडास कुठे आहे ते बघत.

यथावकाश म्वानाहावाची नळी निघाली. कोम्बोची मात्र तारीख पुढे पुढेच जाई.

"सोबत येता? मला सुईची भीती वाटते," तो म्हणे. ती नटूनथटून जाई. तो फाटकातूनच परते – "डॉक्टरीणबाई रजेवर आहेत... शहाळं घेऊया?"

असे महिने गेले. एका लग्नात ती गात होती. तो समोरच बसलेला, भर उन्हाळ्यात थंडीने कुडकुडत. तिने गाणं अर्ध्यात सोडलं आणि सरळ त्याच्या कपाळावर हात ठेवला. चटकाच बसला.

"नळीवर खड्याचे थर चढलेत, वर जंतू!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "मी रोज इथेच आहे. हे महाशय कुठे होते?"

ताप उतरवून, थर फोडून नळी काढेपर्यंत म्वानाहावाने पाण्याचा घोट घेतला नाही. तो शुद्धीवर आला तशी ती बरसली, "मरायचं होतं तुला? का नाही काढलीस?"

"नळी गेली असती तर..." कोम्बोने नजर चुकवली. "तुला सोबत बोलवायला काय निमित्त उरलं असतं?"

"वेड्या! नुसतं 'चल' म्हणायचंस ना..."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "सध्या नवी नळी घातली आहे. तारखेला काढायला यायचं."

"मी आणते. कान धरून!"

"तुम्ही कोण यांच्या?"

"होणारी बायको."

बोलून गेली, आणि मग तिलाच दरदरून घाम फुटला. कोम्बो उशीवरून अर्धा उठला आणि घाईघाईने म्हणाला, "डॉक्टर, आधी हे लिहून घ्या – नंतर ही नाही म्हणेल!"