चार नंबरवरचा दुसरा टॅग

त्या दिवशी सकाळी टेविताने पास्तित्सीचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या करंज्यांचा, पुडा आणला होता. टेविता माझा जावई. टोंगा बेटांवरचा, दारात मावत नाही एवढा, पण टायटॅनियमचं वेल्डिंग त्याच्याइतकं स्वच्छ करणारा आमच्या अख्ख्या आल्टोना उपनगरात दुसरा नाही. पास्तित्सी माझ्या लेकीने, रीटाने, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत भाजलेल्या. मी एका हाताने खात, दुसऱ्या हाताने टॅगवर नाव लिहीत होते. तुपाचा थेंब नेमका टॅगवरच्या माझ्या फोटोवर पडला.

"बरं झालं, कार्मेन. फोटोत तरी चेहऱ्याला तेज आलं," लेस म्हणाला. लेस मॅनहोलवरचा, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये शिरायच्या तोंडावरचा, पहारेकरी. टोमणा मारल्याशिवाय त्याचा चहा उतरत नाही.

टॅगचा नियम आमच्याकडे फार कडक. आत शिरणाऱ्याने आपला लाल टॅग मॅनहोलजवळच्या फळीवर अडकवायचा आणि आत गेल्याची वेळ लिहायची. बाहेर आल्यावर त्यानेच तो काढायचा आणि बाहेर आल्याची वेळ लिहायची. दुसऱ्याच्या टॅगला हात लावला की नोकरी गेलीच समजा. फळीवर टॅग आहे म्हणजे माणूस आत आहे, आणि तोवर झाकण लागत नाही.

मी रिअ‍ॅक्टर तपासते. बावीस वर्षं हेच करतेय. बाटल्यांच्या प्लास्टिकसाठी लागणारं आम्ल चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बनतं. आतला रटरटणारा ॲसिडचा रस्सा साधं स्टेनलेस स्टील चहातल्या बिस्किटासारखं खाऊन टाकेल, म्हणून आतून टायटॅनियमचं अस्तर आहे, आठ मिलिमीटर. शटडाऊनमध्ये, रिअ‍ॅक्टर बंद करून रिकामा केला की, मी चाळीस खुणांवर मीटर टेकवून जाडी मोजते आणि बाजूला खडूने आकडा लिहिते. मी 'ठीक' म्हटलं की टेविता तळाची भेग सांधायला आत उतरणार होता. इथलं हे त्याचं पहिलंच काम, आणि माझ्याच शब्दावर मिळालेलं.

एक वाजून दहा मिनिटांनी मी शिडी उतरले. बाहेर वाळवंटावरून येणारा उत्तरेचा वारा अंग भाजत होता. आत गारवा होता आणि व्हिनेगरचा वास.

पहिली खूण, आठ. पाचवी, आठ. दहावी, आठ पॉइंट तीन.

अस्तर झिजतं, किंवा झिजत नाही. वाढत मात्र नाही. मी ठरलेल्या जाडीच्या नमुन्याच्या ठोकळ्यावर मीटर तपासला, तो बरोबर होता. विसाव्या खुणेवर आठ पॉइंट नऊ आले.

"लेस, मीटरचं डोकं फिरलंय!"

"मीटरचं की तुझं?" वरून आवाज आला. पण तो हसला नाही.

सत्ताविसाव्या खुणेपाशी आकडा आधीच लिहिलेला होता. नऊ पॉइंट चार. अक्षर माझं होतं. माझ्या चारला खाली शेपूट असतं, तेसुद्धा होतं. मागच्या वेळचा खडू त्या ॲसिडमध्ये एक तासही टिकला नसता. मी बोट फिरवलं, बोटाला ताजी भुकटी लागली. मी मीटर टेकवला. नऊ पॉइंट चार.

दिवा फिरवला. पुढच्या सगळ्या खुणा भरलेल्या होत्या, एकोणचाळीसपर्यंत. मी तिथवर गेलेच नव्हते.

माझे पाय लटपटायला लागले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. चाळिसावी खूण तळाला, ढवळणीच्या पात्यामागे होती. तिथून खडू घासल्याचा आवाज आला.

मी बघितलं नाही. जीव मुठीत धरून शिडी चढले, फळीवरचा टॅग ओढला, एक पन्नास अशी वेळ खरडली आणि तो खिशात कोंबला.

"कार्मेन," लेस हळूच म्हणाला, "अजून एक आहे."

फळीवर लाल टॅग होता. माझं नाव, माझा फोटो.

"कोणी लावला?"

"मी या स्टुलावरून हललेलो नाही गं. आईशप्पथ."

आतून आवाज आला. "नऊ पॉइंट आठ." आवाज माझा होता.

मग, "तेवू, शिडी धर रे. माझे पाय लटपटतायत."

तेवू त्याला मी एकटीच म्हणते. बाजूला वाट बघत थांबलेला टेविता पुढे झाला. मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"जाऊ नकोस!"

"आई, आत तू आहेस."

"मी इथे आहे! बघ माझ्याकडे! तू गेलास तर मी रीटाला काय तोंड दाखवू?"

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

"टॅग असेतो मी झाकण लावणार नाही," लेस म्हणाला. "आणि तो काढायचा तर तूच काढायचास."

मी काढला.

झाकणाला चोवीस बोल्ट. विसाव्या बोल्टपर्यंत आतून ठोकत होतं. नंतर थांबलं.

तपासणीच्या कागदावर मी लिहिलं, अस्तर ठीक, भेग किरकोळ, आत जायची गरज नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटी सही केली. टेविता वाचला, हे मी रोज स्वतःला सांगते. एप्रिलमध्ये नात झाली. ती माझ्या हातात देताना तो अजून घुटमळतो. मला राग यायचा.

काल खण आवरताना ते दोन्ही टॅग सापडले. त्या दिवशी घाईत मी ते नीट बघितले नव्हते. झाकण लावण्यासाठी काढलेल्या टॅगवर आत गेल्याची वेळ आहे, एक दहा, आणि फोटोवर तुपाचा डाग.

शिडी चढून वर आल्यावर मी खिशात कोंबलेला टॅग स्वच्छ आहे. त्यावर आत गेल्याची वेळच नाही. नुसती बाहेर आल्याची.