खिळेआजोबांचा हात उगवला कसा?

“ही हकीकत कुणालाही खरी वाटणार नाही, लावा पैज! ऐकून झाल्यावर तुम्ही मला वेड्यात काढणार. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे!” असं थापाडी सुट्टीभर जो भेटेल त्याला सांगत होती.

आता जिचं नावच थापाडी पडलं आहे, तिनं असं काही म्हणावं म्हणजे कमालच झाली. दुसरीत असताना तिनं शाळेच्या पाण्याच्या टाकीत मगर पाहिली होती. त्या मगरीपायी शाळा अर्धा दिवस सुटली, टाकी उपसली गेली आणि तळाशी मुख्याध्यापकांची हरवलेली छत्री निघाली. तेव्हापासून तिनं ‘बाहेर ऊन पडलंय’ म्हटलं, तरी लोक खिडकीशी जाऊन खात्री करून घ्यायचे.

त्या बुधवारी सकाळी मात्र थाप मारायचं तिच्या मनातही नव्हतं. आत्याच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर पत्रांचा हा एवढा ढीग पडला होता. ढिगाच्या एका बाजूला थापाडी होती आणि दुसऱ्या बाजूला तिचा वर्गमित्र मास्तर. मोठ्या माणसांच्याही चुका काढतो म्हणून तो मास्तर! मधोमध तिचा आठ वर्षांचा भाऊ बसला होता. ताई जाईल तिथं मागे मागे जायचा म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणायचे.

“एकशे बारावं!” मास्तरनं पाकीट फोडलं. “‘लेखिकाबाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?’ हे कुठल्या ढिगात टाकू?”

“डोकंवाल्या ढिगात. तिथं आधीच चाळीस आहेत,” थापाडी दातओठ खात म्हणाली.

आत्या ‘तेरावा चंद्र’ या मालिकेची लेखिका होती. दर शनिवारी संध्याकाळी सहाला टीव्हीवर तासभर मालिका लागायची आणि रस्ते ओस पडायचे. अवकाशयान चालवणाऱ्या कप्तानबाई, त्यांचा शत्रू काळोजी आणि गंजून कुरकुरणारा म्हातारा यंत्रमानव खिळेआजोबा! पोरं चालतानासुद्धा त्याच्यासारखे गुडघे वाजवायची.

आणि गेल्या शनिवारी बाराव्या भागानं सगळा घोटाळा केला. जो तो चिडला. पेपरवाल्यानं पेपर टाकता टाकता आत्याला सुनावलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर तिचं तोंड उघडं असतानाच सुनावलं, म्हणजे उलट बोलायचीही सोय नाही!

“‘दुसऱ्या पाव तासात खिळेआजोबांना एकच हात होता. तिसऱ्यात दुसरा हात उगवला. तो काय मुळा आहे?’” शेपटानं अडखळत पत्र वाचलं. “ताई, आपल्याला पण हेच दिसलं ना?”

“दिसलं. पण आपल्याला पहिला पाव तास कुठं बघायला मिळाला? आपल्या इमारतीतली वीज गेली होती.”

“आणि मालिकेचं गाणं शेवटच्या पाव तासात लागलं,” मास्तर म्हणाला. “मला वाटलं, नवव्या भागासारखं असेल. तिथं उलट्या काळाचा ग्रह होता ना!”

आतल्या खोलीत आत्या मालिका बनवणाऱ्या साहेबांशी फोनवर बोलत होती. बोलत कसली, ऐकतच होती. “हो साहेब... नाही साहेब... पण मी तसं लिहिलेलंच नाही... बरं साहेब.” तिनं फोन ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली. चष्मा कपाळावर होता आणि ती तो हातानं दाराशेजारच्या टेबलावर शोधत होती.

“शनिवारपर्यंत मुदत दिलीय साहेबांनी. लोक शांत झाले नाहीत तर शेवटचा भाग दुसरं कुणी लिहिणार,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली ग मला हे लिहायला घेऊन. या गोष्टीचा शेवट माझ्या हातून व्हायला हवा होता.”

“पण आत्या, तू तो भाग बघितलास का?”

“मी? मी माझा एकही भाग बघत नाही! पहिला बघितला तेव्हा तीन दिवस तापानं फणफणले होते. शनिवारी पावणेसहाला मी कानात कापूस घालून पुलापर्यंत फिरायला जाते.”

“आणि साहेब?”

“ते म्हणतात, बनवताना इतक्यांदा बघितलंय की आता बघितलं तर ओकारी येईल.”

थापाडीनं कपाळावर हात मारला. म्हणजे मालिका बनवणाऱ्यांपैकी कुणीच ती टीव्हीवर बघितली नव्हती! बघितली होती ती फक्त पत्र लिहिणाऱ्यांनी. आणि पत्रं कुणी वाचत नव्हतं. साहेबांच्या कचेरीत ती पोत्यात भरून त्यांचं नुसतं वजन करत आणि पोती आत्याकडे धाडून देत. या खेपेला नेहमीच्या चौपट वजन भरलं म्हणून साहेब घाबरले होते.

“आणखी एक वाचू का?” शेपटानं विचारलं. “यात शिव्या नाहीत. ‘आमच्या आजोबांनी सव्वासहालाच टीव्ही बंद केला. कारण पाटी आली, उरलेलं पुढच्या शनिवारी. तेव्हा एका तासाचे पैसे... नाही, हे खोडलंय, एका तासाची करमणूक कबूल करून पाव तासात गुंडाळू नये.’”

थापाडी ताडकन उठली. “पुन्हा वाच!”

शेपटानं पुन्हा वाचलं.

“सव्वासहाला शेवटची पाटी! आणि गाणं शेवटच्या पाव तासात! मास्तर, पहिल्या पाव तासात काय काय झालं ते बघ बघू पत्रांत!”

तिघांनी ढीग उपसला. पहिल्या पाव तासात काळोजी मेला आणि खिळेआजोबांची बॅटरी संपली. दुसऱ्यात कप्तानबाई तुरुंगात होत्या. तिसऱ्यात खिळेआजोबांचा हात तुटला. आणि चौथ्यात गाणं लागून यान झोकात निघालं, “चला, प्रवासाला सुरुवात!”

“उलटा!” मास्तर ओरडला. “चार तुकडे, चारही उलट्या क्रमानं! उगवला कुठला हात? तो तुटायच्या आधीचा होता!”

“आत्याऽऽ!”

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं थापाडीच्या डोक्यावरून हात फिरवला. “माझ्यासाठी किती ग जीव तोडतेस. पण राजा, ही वेळ थापांची नाही.”

“थाप नाही आत्या! खरंच!”

“मगरीच्या वेळी पण तू खरंच म्हणाली होतीस.”

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “तूच ना ती टाकीवाली?” आणि खाडकन फोन ठेवला. मग तिघं मालिकेच्या फिती कापून जोडणाऱ्या कातरकाकांकडे गेले. ते असे भडकले, की त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

“तीस वर्षं! तीस वर्षं फिती कापतोय मी! पहिली टेप तयार झाली की टेबलावर ठेवतो, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, वर चौथी. चळत कधी हललेली नाही! चालते व्हा!”

रस्त्यावर येऊन थापाडीनं एका डब्याला लाथ मारली. डबा भरलेला निघाला. ती एका पायावर नाचत किंचाळली, “आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतेय, तर कुणी ऐकेना! यापेक्षा मगर बरी होती!”

“पुरावा लागेल,” मास्तर म्हणाला. “तुझ्या तोंडाचा उपयोग नाही.”

“एवढं गोड बोलायची गरज नव्हती हं!”

मालिका जिथून दाखवली जायची, ते प्रक्षेपण केंद्र दोन रस्ते पलीकडे होतं. फाटकापाशी वासराएवढा कुत्रा होता! काळाकुट्ट, जीभ लोंबणारी, डोळे निखाऱ्यासारखे! मास्तरची बोबडी वळली. शेपूट रडायच्या बेतात आला. पण थापाडी पुढे झाली. तिनं कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून असं काही पाहिलं, की तो शेपटी पायांत घालून मुकाट बाजूला झाला! तिघं आत गेले.

आत एका पायरीवर एक दादा पिशवीचा पट्टा शिवत बसले होते. कातरकाकांकडच्या टेपा इथं आणून पोचवायचं काम त्यांचं. सगळे त्यांना पिशवीदादाच म्हणायचे.

“पट्टा तुटला वाटतं?” थापाडीनं विचारलं.

“शनिवारीच! ऐन वेळी! दोन्ही हातांवर चळत घेऊन पळत आलो बघा. एकही पडू दिली नाही!”

“आणि एरवी?”

“एरवी वरून एकेक उचलायची आणि पिशवीत सोडायची. सोपं काम.”

मास्तरनं खिशातून चार बसची तिकिटं काढून एकावर एक रचली. सगळ्यांत खाली पहिलं, वर चौथं. मग वरून एकेक उचलून शेपटाच्या टोपीत टाकलं. टोपीत सगळ्यांत वर आलं पहिलं!

“पिशवीत चळत आपोआप उलटायची!” तो कुजबुजला. “म्हणून इथं पहिली टेप आधी हाताला लागायची. या शनिवारी पिशवीच नव्हती!”

टेपा लावणारे बटणकाका आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसले होते. समोर सहा पडदे चालू होते, पण त्यांची मान वर नव्हती. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला.

“काका, टेपेवरचा आकडा बघता का तुम्ही लावताना?”

“कशाला? वरची उचलायची, लावायची. दहा वर्षांत एकदा चुकलं नाही. ‘निष्काळजी’ला पाच अक्षरी शब्द सांगा बरं.”

“आणि फोन का काढून ठेवलाय?”

“शनिवारपासून वाजतोय मेला. कोडं सुटत नाही.”

टेबलावर एक जाडजूड रजिस्टर होतं. टेप संपली की तिच्यावरचा आकडा आणि ती लावल्याची वेळ त्यात उतरवायचा नियम होता. मास्तरनं हळूच शनिवारचं पान काढलं. बटणकाकांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सहा वाजता टेप चौथी. सव्वासहा, तिसरी. साडेसहा, दुसरी. पावणेसात, पहिली.

“काका! हे तुम्हीच लिहिलंय!”

“मग? रजिस्टर लिहायचं असतं. वाचतंय कोण!”

पुरावा सापडला! पण साहेबांना दाखवणार कसा? रजिस्टर खोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती आणि थापाडीचं नाव ऐकलं की साहेब फोन आपटत होते. आता काय?

थापाडीचे डोळे चमकले. “खरं बोलून बघितलं. आता मला जे येतं ते करते.” तिनं रिसीव्हर उचलला, नाक दाबलं आणि नंबर फिरवला. “साहेब आहेत का? मी परदेशी समीक्षकांची दुभाषी बोलतेय. आमचे सात समीक्षक प्रक्षेपण केंद्रात आले आहेत. बाराव्या भागातली ती धाडसी उलटी मांडणी ज्या महान माणसाला सुचली, त्याला हार घालायचाय. पाच मिनिटांत त्यांचं विमान आहे.”

चौथ्या मिनिटाला साहेब आले! केस विंचरलेले, धापा टाकत, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल. “कुठं आहेत? ती मांडणी मलाच सुचली! पूर्णपणे माझी कल्पना!”

“तुमची?” मास्तरनं गंभीर चेहऱ्यानं रजिस्टर पुढे केलं. “म्हणजे टेपा उलट्या लावायला तुम्हीच सांगितलं होतं तर!”

साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. दारात पट्टा शिवून झालेली पिशवी घेऊन पिशवीदादा उभे होते. बटणकाकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“म्हणजे,” साहेब पुटपुटले, “लेखिकाबाईंनी सरळच लिहिलं होतं?”

“मी सकाळपासून तेच सांगतेय!” थापाडी इतक्या जोरात ओरडली, की बटणकाकांच्या हातातली पेन्सिल मोडली.

शनिवारी सहाला बारावा भाग सरळ क्रमानं पुन्हा लागला. आत्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. साहेब होते, कातरकाका होते, पिशवीदादा होते. केंद्रात दुसऱ्या माणसाला बसवून बटणकाकांनाही मुद्दाम बघायला आणलं होतं. पावणेसहाला आत्यानं कापूस हातात घेतला. थापाडीनं तो काढून घेतला आणि आत्याचा हात घट्ट धरून ठेवला.

सहा पंचावन्नला खिळेआजोबांनी उरलेल्या एका हातानं निरोप घेतला. कुरकुर थांबली. समोरच्या इमारतीतून कुणाचं तरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग खालच्या मजल्यावरून, मग रस्त्यापलीकडून. पेपरवाला जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता. आत्याही रडत होती, पण चष्मा कपाळावर असल्यामुळे तिला ते सोपं गेलं.

साहेबांनी घसा खाकरला. “शेवटचा भाग तुम्हीच लिहायचा. आणि यापुढे पत्रं वजन न करता वाचली जातील. पोरी, तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, चुकलं आमचं. शाब्बास!”

“माझ्या चळतीवरही विश्वास ठेवायला हवा होता,” कातरकाका म्हणाले. पण त्यांनी तिघांच्याही पाठीवर थाप दिली.

“पण केंद्रात शिरलात कसे ग?” आत्यानं विचारलं. “फाटकावर कुणी अडवलं नाही?”

थापाडी उभी राहिली. “अडवलं तर! वासराएवढा काळा कुत्रा! डोळे निखाऱ्यासारखे! हे दोघे लटपटत होते. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि तो मुकाट बाजूला झाला!”

“बाई ग! वाघीण आहे माझी!” आत्यानं तिला जवळ ओढलं.

“बापरे!” साहेब म्हणाले.

“हो हो, मोठा आहे तो कुत्रा,” बटणकाकांनी मान डोलावली. “मी रोज बघतो त्याला.”

सगळ्यांचा विश्वास बसला. एकूण एक सगळ्यांचा! थापाडी समाधानानं खाली बसणार, एवढ्यात कोपऱ्यातून शेपूट टाचा उंचावून ओरडला,

“खोटं! कुत्राबित्रा काही नव्हता! फाटकावर वाळत घातलेलं पायपुसणं होतं ते! आणि ताईच त्याला घाबरून मास्तरच्या मागे लपली होती!”