उघडायच्या आधीचा हात

वाटीत चमचा पडला, किणकिण झाली. त्या घरात बराच वेळ दुसरा आवाज नव्हता.

"निकिता, खा गुपचूप," राजेश्री लहानग्या लेकीला म्हणाली. तिचा नवरा भागवत जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटे. माहेरी, बोरीला न्यायची बॅग दाराशी भरून ठेवली होती.

राजेश्रीनं बोलावलं म्हणून गुप्तहेर मंजुषाताई आणि त्यांचे सोबती योगीराज परभणीहून पूर्णेला आले होते. टेबलावर भागवतचा लिनक्सवाला लॅपटॉप. पडद्यावर दोन नावं: भागवत, राजेश्री.

"या पासवर्डच्या पडद्यावर बाण हलवायचं टचपॅड चालतच नाही," राजेश्री म्हणाली. "तेराव्यानंतर भाऊजींनी लॅपटॉप नेला होता. त्यांनीच काहीतरी केलं. यांच्या वस्तूंचं असं करणार असतील, तर मी इथं राहत नाही."

दीर राम उंबऱ्यातच थांबला होता. "वयनी, फ्रेमसाठी फोटू पायजे होता. पासवर्ड ठावं न्हाई, उघडलाच न्हाई. तसाच आणून ठिवला."

"पासवर्ड कुणाला माहीत आहे?" मंजुषाताईंनी विचारलं.

"फक्त मला. दवाखान्यात सांगितला यांनी."

एवढ्यात निकिता खुर्चीवर चढली आणि टचपॅडवर तळहात दाबून बसली.

"लॅपटॉप दिसला की असंच करती," राम म्हणाला.

"राहू दे हात. राजेश्री, पासवर्ड टाका," मंजुषाताई म्हणाल्या.

पडदा उघडला. निकिताच्या तळव्याखाली बाण सरकला.

"आत तर चालायलंय!" योगीराज म्हणाले. "मग बिघडलंय कुठं?"

"बिघडलेलं नाहीच. फक्त दाराशी बंद केलंय." मंजुषाताईंनी एक फाइल शोधून काढली. "लॉगिनच्या, म्हणजे पासवर्डच्या पडद्यासाठी ही वेगळी लिहावी लागते, आणि लिहायला हाच पासवर्ड लागतो. रामला तो माहीत नाही. तारीख बघा. संक्रांतीचा दुसरा दिवस."

"तेव्हा तर हे…"

"होते. त्यांनीच केलं. निकिता, बाबांच्या मांडीवर बसून काय करायचीस गं?"

"मी हात ठेवायची. मग बाबा उघडायचे."

"हिच्या हातानं बाण तुमच्या नावावर जायचा," मंजुषाताई राजेश्रीला म्हणाल्या. "त्यांचा पासवर्ड तिथं चुकायचा. भागवतरावांनी हिला हात काढ म्हटलं नाही, पॅडच बंद केलं. आत गेल्यावर चालू ठेवलं, चित्रं सरकवायला."

राजेश्रीनं पडद्यावरच्या त्या तारखेवर बोट ठेवलं. रडू आलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती बॅग आत ठेवता का?"

रामनं बॅग उचलली. मंजुषाताईंनी लॅपटॉप होता तसा करून ठेवला. पुन्हा दोन नावं आली.

निकितानं तळहात नीट पसरून ठेवला आणि मान वर केली.

"आई, मी हात ठेवलाय. बाबा कधी उघडणार?"